नऊ नंबरची उतरायची जागा

माझ्या भावाला मैदानावर कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला नळकांडे म्हणतात. नव्या खेळाडूंना तर ते त्याचं आडनावच वाटतं. एका संघाच्या व्यवस्थापकाने एकदा त्याला तक्रारीची चिठ्ठी पाठवली, वर लिहिलेलं, ‘माननीय श्री. नळकांडे यांस’. वहिनीने ती फ्रीजच्या दारावर दोन वर्षं चिकटवून ठेवली होती. पाहुणे आले की आधी चिठ्ठी दाखवायची, मग नवरा.

हे नाव त्याने स्वतःच्या जिभेने ओढवून घेतलं. बास्केटबॉलच्या नियमांत एक कलम आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक न दिसणारं नळकांडं असतं. पुढे तळहातापर्यंत, मागे पाठीपर्यंत, बाजूला हातापायांच्या कडेपर्यंत, आणि वर सरळ छतापर्यंत. त्यातली जमीन त्या खेळाडूची आणि हवासुद्धा त्याचीच. दुसरा त्यात घुसला आणि धक्का लागला, तर दोष घुसणाऱ्याचा. नवे पंच तयार करण्याच्या वर्गात दादा हे इतकं जीव तोडून सांगायचा की ऐकणारे स्वतःच्या डोक्यावर बघायला लागायचे. तिथे काय दिसणार? पंखा.

नोकरीने तो मोजणी खात्यात नकाशे काढणारा. आठवडाभर लोकांची वीतभर जमिनीवरची भांडणं ऐकायची, आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून पुन्हा तेच. घरीही तीच तऱ्हा. वहिनी ओट्यापाशी उभी असली की हा स्वयंपाकघराच्या दारात खोळंबून राहणार.

“या की आत, मी काय चावतेय?”

“जागा तू आधी घेतलीस. तू हल, मग येतो.”

“ऐकलंत?” वहिनी मला म्हणायची, “तीस वर्षं झाली लग्नाला, अजून यांना धाकधूक आहे की मी फाउल देईन.”

मी टेबलावर बसते. टेबल म्हणजे मैदानाच्या मध्यरेषेपाशी मांडलेलं लांब बाक. तिथे घड्याळवाला बसतो आणि गुणलेखक बसते. गुणलेखक मी. कोणी किती गुण केले, कोणाचे किती फाउल झाले, सगळं माझ्या हातून कागदावर उतरतं. तोंडाने मी फटकळ आहे, हे अख्ख्या गोतावळ्याला माहीत आहे. पण टेबलावर बसले की मुकी. आमच्यात तशी रीतच आहे. धक्का कोणाला लागला, कोणामुळे लागला, हे पंचाने ठरवायचं. टेबलाने लिहायचं. टेबलाला सगळ्यांत चांगलं दिसतं, आणि टेबलाला कोणी विचारत नाही. कोणी विचारलं नाही तर आपणहून बोलायचं नाही. ही रीत मी पंचवीस वर्षं पाळली आणि तिचा मला अभिमान होता. आता नाही.

दादाचं दुसरं लाडकं कलम उडीचं. फळ्यावर तो दोन पावलं काढायचा, मग पुढे तुटक रेषेने आणखी दोन. “खेळाडूने उडी घेतली, त्या क्षणी त्याची उतरायची जागा रिकामी होती का? होती. मग ती त्याची झाली. पाय अजून टेकायचेत, पण जागेवर नाव चढलं. तो हवेत असताना कोणी सरकून खाली येऊन उभं राहिलं, तर त्याने दुसऱ्याच्या जागेत घर बांधलं. मग तो पुतळ्यासारखा स्तब्ध उभा असला तरी फाउल त्याचाच.” मोजणी खात्यातला माणूस. त्याला असंच बोलता येतं.

आणि याच कलमात त्याची चूक झाली.

एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार. आमचा नेहमीचाच हॉल, उंच खिडक्या, लाकडी जमीन. मुलींचा सामना, संपायला सहा सेकंद, एक गुण मागे असलेल्या संघाची नऊ नंबर चेंडू घेऊन बास्केटच्या उजव्या बाजूने आत शिरली. बारीक अंगाची, बुटाच्या नाडीला दुहेरी गाठ मारणारी मुलगी. प्रत्येक सामन्यात चार-चारदा टेबलापाशी येऊन विचारायची, “ताई, माझे फाउल किती?” एकही नसला तरी विचारायची. त्या दिवशी मी सांगितलं होतं, “चार झालेत बाई. पाचवा झाला की बाहेर. जपून.” तिने मान डोलावली आणि पळाली.

तिने उडी घेतली तेव्हा समोर कोणी नव्हतं. समोरच्या संघाची बारा नंबर एक पाऊल डावीकडे होती. नऊ नंबरचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, आणि मग बारा नंबर सरकली. मी बघितलं. तिचा उजवा पाय उचलला गेला, पडला, आणि ती ताठ उभी राहिली. चेंडू जाळीतून खाली आला. नऊ नंबर बारा नंबरच्या खांद्यावर कमरेत मोडली आणि डोक्यावर खाली आली.

दादा बास्केटच्या मागच्या रेषेवर उभा होता. नेमकी त्याच क्षणी एक उंच मुलगी त्याच्यापुढून गेली. ती बाजूला होईतो त्याला दिसलं ते एवढंच: बारा नंबर दोन्ही पाय रोवून उभी आहे आणि नऊ नंबर तिच्यावर आदळते आहे. त्याने शिट्टी फुंकली आणि मूठ तळहातावर आपटली. याचा अर्थ, हल्ला करणारी उभ्या खेळाडूवर धडकली. फाउल नऊ नंबरचा, बास्केट रद्द.

मी तिच्या नावापुढची पाचवी चौकट भरली. पाचवा फाउल झाला की टेबलाने पाच आकड्याची पाटी वर धरायची असते. मुलगी जमिनीवर पडलेली, लोक धावताहेत, आणि मी पाटी वर धरून उभी. आजही तो हात माझाच होता याची मला लाज वाटते.

तिला नेल्यावर दुसऱ्या पंचाने उरलेले तीन-चार सेकंद खेळवले. चौथ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर दादाने एक वही केली. मैदानाचा नेमका नकाशा, पानामागून पान, आणि त्याने दिलेल्या प्रत्येक फाउलचा त्या त्या जागी एक ठिपका. शेजारी बारीक अक्षरात तारीख आणि दोष कोणाचा त्याचा नंबर. “कुठे उभं राहिलं की काय दिसत नाही ते कळेल,” म्हणायचा. वर्ष संपलं की सगळी पानं एका मोठ्या ट्रेसिंग कागदावर उतरवायचा. मी त्याची टर उडवायचे. “दादा, वहीला पिसवा झाल्यात.”

सातव्या-आठव्या वर्षी त्याने मला तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून दाखवला. वहिनीने भांडी उचलली आणि तीही वाकून बघू लागली.

“काय दिसतं?”

बास्केटखाली ठिपक्यांचा नुसता चिखल झाला होता. सगळे धक्के तिथेच लागतात, त्यात नवल नाही. पण डाव्या बास्केटच्या उजव्या अंगाला, चिखलाच्या अगदी मध्यावर, एक गोल कोरा होता. हात पसरून उभ्या असलेल्या माणसाएवढा. एकही ठिपका नाही. कड इतकी साफ की वाटी उपडी ठेवून भोवती ठिपके दिले असावेत.

“तुझं लक्ष नसेल तिथे,” मी म्हटलं.

“ठमे, मी तिथे सोडून दुसरीकडे बघतच नाही.”

वहिनीने कागदाची गुंडाळी केली. त्याच दिवशी तिने फ्रीजच्या दारावरची चिठ्ठी काढून टाकली. का ते मी विचारलं नाही.

मग मी टेबलावरून बघायला लागले, आणि बघायला नको होतं असं झालं. मुली चेंडू घेऊन तिथे येत आणि वळसा घेत. बचाव करणाऱ्या त्या जागेच्या अलीकडे उभ्या राहत, पलीकडे उभ्या राहत, मध्ये कोणी नाही. नव्या मुली, बाहेरगावचे संघ, ज्यांना त्या दुपारची वार्ताही नव्हती, त्याही. दारात कोणी उभं असलं की आपण न बघता अंग चोरतो ना, तसा खांदा चोरत. मी एकीला विचारलं, “तू आत का नाही शिरलीस? मोकळं तर होतं.”

“मोकळं कुठे, ताई? ती होती ना.”

“कोण?”

मुलीने मागे वळून बघितलं, गोंधळली, आणि हसून पाणी प्यायला गेली.

दादाही वळसा घ्यायचा. मागच्या रेषेवरून धावत मैदानात येताना तो नाकासमोर धावायचा आणि तिथे आला की अर्धं पाऊल बाहेर. त्याला ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. न सांगण्यात मी एव्हाना तरबेज झाले होते.

सगळ्यांत वाईट हॉलच्या रखवालदाराचं. दुपारच्या सामन्याआधी तो ओलं फडकं लावलेला लांब दांडा घेऊन जमीन पुसायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पट्टे. एकदा मी लवकर येऊन बसले होते. खिडक्यांतून ऊन आलेलं, ओली जमीन चकाकत होती, आणि डाव्या बास्केटच्या उजवीकडे एक गोल कोरडा. धूळ तशीच.

“मामा, तिथे राहिलं.”

“कुठे? पुसलंय की सगळं,” तो म्हणाला. मी बोट दाखवलं. त्याने बघितलं, दांडा घेऊन तिकडे गेला, गोलाभोवती नीट फिरवून आणला आणि म्हणाला, “झालं बघा.” आणि तिथल्या तिथे फडकं बादलीत पिळायला लागला.

अशी एकोणीस वर्षं गेली. दादाचं हे शेवटचं वर्ष. वयाची अट लागून तो यंदा शिट्टी ठेवणार होता. शेवटचा वर्ग त्याने हॉलशेजारच्या खोलीत घेतला. पंधरा-सोळा तरुण पंच, आणि मागच्या बाकावर एक म्हातारी बाई. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी हजेरीचा कागद फिरवत होते. वाटलं कोणाची तरी आई सोबत आली असेल. तसंच होतं. कागद परत आला तेव्हा शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं, ‘नऊ नंबरची आई’.

दादाने तेव्हा तो कागद बघितला नव्हता. त्याने उडीचं कलम सांगितलं, पावलं काढली, आणि विचारलं, “शंका?”

बाई उभी राहिली. “ती जागा किती वेळ राखायची?”

“खेळाडू उतरेपर्यंत,” दादा म्हणाला.

“आणि उतरलीच नाही तर?”

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं. दादाच्या हातातला खडू तसाच राहिला. त्याने तिला ओळखलं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

बाईने पर्समधून घडी घातलेलं पत्र काढलं. संघटनेने त्या वेळी पाठवलेलं. ‘खेळाडूच्या स्वतःच्या नियमभंगामुळे घडलेला दुर्दैवी अपघात’ असं त्यात होतं. “मला कोणावर खटला करायचा नाही,” ती म्हणाली. “तिचे वडील हे वाचून गेले. मला जायच्या आधी एवढंच कळू दे. माझ्या मुलीची चूक होती का?”

दादा फळ्यापाशी उभा राहून म्हणाला, “मला दिसलं नव्हतं. मधे कोणी आलं होतं. मी पायांवरून फाउल दिला, पण ते पाय तिथे कधी आले ते मी बघितलंच नव्हतं.” पोरांसमोर, एवढ्या वर्षांचा पंच. मग तो माझ्याकडे वळला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पंचाने टेबलाला विचारलं.

“टेबल, तुला काय दिसलं?”

“ती उडाल्यावर बारा नंबर सरकली,” मी म्हटलं. “जागा रिकामी होती. फाउल नऊ नंबरचा नव्हता.”

आईने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही तेव्हा बोलला नाहीत.”

“मला कोणी विचारलं नाही.”

बोलून गेले, आणि ते किती भिकार उत्तर आहे ते माझ्याच कानाला ऐकू आलं. तिने पत्राची घडी पुन्हा घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तरुण पोरांना दादाने घरी पाठवलं. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. त्या दुपारी दादा स्ट्रेचरबरोबर तसाच गेला होता. गुणपत्रकावर दुसऱ्या पंचाची सही होती, घड्याळवाल्याची होती, माझी होती. मुख्य पंचाची, म्हणजे दादाची, चौकट कोरी. सही घेणं माझं काम. माझं काम राहिलं म्हणून मी घाबरले आणि कागद घरी नेऊन कपाटातल्या साड्यांखाली ठेवला. संघटनेला धाडली ती प्रत. तिच्यावरची चौकटही कोरीच होती, पण कोणी बघितली नाही.

“मुख्य पंचाची सही होईपर्यंत सामना पंचांच्या ताब्यात असतो,” दादा हळूच म्हणाला. “म्हणजे सामना संपलेला नाही.”

“दादा, असं काहीतरी बोलू नकोस.”

“ठमे, कागद घेऊन ये.”

मी रिक्षाने घरी जाऊन कागद आणला. परत आले तेव्हा तीन वाजत आले होते. दादा पंचाचा शर्ट घालून मागच्या रेषेवर उभा होता, त्याच जागी. आई टेबलाशेजारी खुर्चीत. रखवालदार मामा बादली घेऊन दारात. त्याला काही सांगितलं नव्हतं, पण तो आतही येत नव्हता. हॉलमध्ये आणखी कोणी नाही. मी बसले. शेवटच्या भागात निळं पेन वापरतात, म्हणून निळं पेन काढलं.

दादाने शिट्टी फुंकली. रिकाम्या हॉलमध्ये ती शिट्टी फार वेळ राहिली. मूठ वर धरून तो टेबलाकडे धावत आला, आणि त्या जागेपाशी अर्धं पाऊल बाहेरून. टेबलासमोर थांबून त्याने खुणा केल्या. एक मूठ आणि दोन बोटं: बारा नंबर. दोन्ही हात कमरेवर: वाट अडवली. दोन बोटं मनगटातून खाली: बास्केट हिशेबात धरलं. खूण एकही चुकली नाही.

मी नऊ नंबरच्या पाचव्या चौकटीतलं अक्षर एका रेघेने खोडलं. बारा नंबरसमोर फाउल लिहिला. दोन गुण वाढवले. खोडलेल्या जागी दादाने छोटी सही केली. काही झालं नाही. ऊन तसंच होतं, पंखा तसाच बंद होता.

“ताई,” आईने मला विचारलं, “आता तिचे किती?”

तिला कसं कळलं असेल, तिची मुलगी मला हेच विचारायची? “चार,” मी म्हटलं. “चारच आहेत.” आणि मला रडू फुटलं.

दादाने कोऱ्या चौकटीवर पेन टेकवलं आणि पूर्ण सही केली.

पेन उचललं, आणि डाव्या बास्केटच्या उजवीकडे लाकडावर पाय टेकले. आधी एक, मग दुसरा. बुटाचा रबरी तळवा करकरला. आम्ही चौघांनीही माना वळवल्या, मामानेसुद्धा. जमीन रिकामी होती. बास्केटची जाळी हलत होती, थोडीशी.



“डावा पाय आधी टेकवायची ती,” आई म्हणाली. “चालायला लागली तेव्हापासून.” तिने संघटनेचं पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, पर्स बंद केली, आणि कोणाचा आधार न घेता दरवाजाकडे गेली. माझ्याकडे तिने वळून बघितलं नाही. तो तिचा हक्क होता.

मग मामा आत आला. दांडा टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ढकलत नेला. फडकं त्या जागेवरून गेलं, न थांबता, आणि मागे पट्टा ओला झाला.

दादाने पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. “तू लिही. बघितलं तू होतंस.” मी कोऱ्या गोलाच्या मध्यावर ठिपका दिला. शेजारी एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख घातली. दोष कोणाचा, तिथे ‘बारा’ लिहिणार होते. पण बारा नंबर एक क्षण सरकली होती. तेव्हा ती विशीतली पोर होती, आणि पुन्हा कधी खेळली नाही. त्यानंतर रोज, दोन्ही पाय रोवून, तोंड मिटून, नऊ नंबरच्या खाली कोण उभं होतं ते मला ठाऊक होतं.

मी लिहिलं, ‘टेबल’.

दादाने चष्मा लावून वाचलं. मी वाट बघत होते की तो खोडेल, काहीतरी समजुतीचं बोलेल, माझा दादाच तो. त्याने वही मिटली आणि पिशवीत ठेवली.